मक्यावर सावली पडू नये म्हणून

हुंडी म्हणजे काय, हे पेढीवर वाढलेल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. कागदावर लिहिलेल्या रकमेचा आणि बाजारात त्या कागदाला मिळणाऱ्या दामाचा मेळ बसतोच असे नाही, आणि वटणावळ किती कापली जाईल हे विकणाऱ्याच्या निकडीवर ठरते. अमेरिकेतील अनेक सार्वजनिक विद्यापीठांचा जन्म अशाच एका कागदातून झाला आहे.

२ जुलै १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. व्हर्माँटचे प्रतिनिधी जस्टिन मॉरिल यांचे हेच विधेयक तीन वर्षांपूर्वी अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी फेटाळले होते. कायद्याची योजना सरळ होती. प्रत्येक राज्याला त्याच्या संसद सदस्यामागे तीस हजार एकर सरकारी जमीन मिळावी, ती विकून आलेली रक्कम कायम गुंतवावी, आणि तिच्या व्याजावर शेती व यंत्रविद्या शिकवणारे निदान एक महाविद्यालय चालावे. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि इमारतींवर तर त्यातला एक डॉलरही खर्च करायचा नाही. आपल्याकडील धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तांना हा ध्रुवफंड ओळखीचा वाटेल.

ज्या राज्यांत सरकारी जमीन शिल्लक नव्हती त्यांना जमिनीऐवजी कागद मिळाले. दूर पश्चिमेकडील जमिनीवर हक्क सांगण्याचा अधिकार त्या कागदात होता. मात्र राज्याला स्वतः ती जमीन घेता येत नव्हती. कागद विकणेच भाग होते. कागदावरचा भाव एकरी सव्वा डॉलर. परंतु सगळी राज्ये एकाच वेळी बाजारात उतरली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने वसाहत करणाऱ्यांना जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली. मग भाव कोसळला नसता तरच नवल. कित्येक राज्यांना एकरी एक डॉलरही मिळाला नाही.

इलिनॉय राज्याच्या वाट्याला चार लाख ऐंशी हजार एकरांचे कागद आले. त्यांतील बहुतेक लवकरच विकले गेले. सुमारे पंचवीस हजार एकरांपुरते राखून मिनेसोटा व नेब्रास्कात जमीन घेण्यात आली. न्यूयॉर्कमध्ये मात्र एझ्रा कॉर्नेल या तारयंत्राच्या धंद्यात कमावलेल्या गृहस्थाने राज्याकडून कागद विकत घेतले, विस्कॉन्सिनमधील पाइन वृक्षांची जंगले पदरात पाडून घेतली, स्वतःच्या खिशातून कर भरत ती धरून ठेवली आणि नफा विद्यापीठाच्या नावे लिहून दिला. तो १८७४ मध्ये वारला. फळ नंतरच्या विश्वस्तांनी पाहिले. त्या जंगलांनी कॉर्नेल विद्यापीठाला सुमारे पन्नास लाख डॉलर मिळवून दिले. घाईने विकणारे चुकले असे सहज म्हणता येईल. पण ज्यांना उद्या शाळा उघडायची होती त्यांच्या हाती थांबण्याइतके भांडवल नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

या जमाखर्चात एक रकाना फार काळ कोराच राहिला. विकली गेलेली जमीन मुळात कोणाची होती? तेथील मूलनिवासी जमातींकडून ती तहांनी, दबावाने, काही ठिकाणी बळाने घेतलेली होती आणि मोबदला नाममात्र होता. २०२० साली काही पत्रकारांनी जुने दस्तऐवज तपासून असा हिशेब मांडला, की या योजनेत सुमारे अडीचशे जमातींची एक कोटीहून अधिक एकर भूमी गेली. आज अनेक विद्यापीठे आपल्या समारंभांत त्या जमातींची नावे घेतात. नाव घेणे हे ऋण फेडणे नव्हे. पण ज्या खात्यात नोंदच नव्हती तेथे निदान नोंद तरी झाली.

इलिनॉयचे विद्यापीठ कोठे असावे यावर चार गावांत चुरस लागली. शँपेन परगण्याने जमीन, रोखे आणि एक तयार इमारत देऊ केली, राजधानीत आमदारांना मेजवान्या घातल्या आणि बाजी मारली. २ मार्च १८६८ रोजी अर्बाना व शँपेन या जुळ्या गावांमध्ये इलिनॉय औद्योगिक विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी पन्नासच्या आसपास होते. पहिले प्रमुख जॉन मिल्टन ग्रेगरी हे धर्मोपदेशक होते. त्यांना शेतीबरोबर भाषा, इतिहास, तत्त्वज्ञानही हवे होते. शेतकऱ्यांची तक्रार अशी, की पोरगा नांगर सोडून लॅटिन शिकणार असेल तर हे महाविद्यालय आमचे कसे? विद्या आणि श्रम हे ब्रीद ठेवून ग्रेगरींनी दोन्ही राखण्याचा यत्न केला. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना अंगमेहनत सक्तीची होती. १८७० पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. १८८५ मध्ये नावातील ‘औद्योगिक’ हा शब्द गेला. ग्रेगरी यांची समाधी त्याच आवारात आहे.

शेतकऱ्यांच्या शंकेला खरे उत्तर मिळाले ते मॉरो प्लॉट्स या शेताच्या तुकड्याने. १८७६ पासून तेथे एकाच प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे: जमिनीतून घेतच राहिले तर काय होते? एका भागात वर्षानुवर्षे फक्त मका, दुसऱ्यात पिकांची फेरपालट. ज्या मातीला काहीही परत दिले नाही तिचा कस उतरत गेला, फेरपालटीच्या मातीने चांगले उत्पन्न दिले. भोवती विद्यापीठ वाढत गेले, पण हे शेत हलले नाही. १९६९ मध्ये शेजारी ग्रंथालय उघडायचे ठरले तेव्हा ते जमिनीखाली दोन मजले बांधण्यात आले. मक्यावर सावली पडू नये, हे त्यामागचे एक कारण म्हणून आजही प्रत्येक नवागताला सांगितले जाते.

त्या आवारात आता पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. ऑगस्टच्या अखेरीस मधल्या विस्तीर्ण हिरवळीवर शेकडो विद्यार्थी मंडळे टेबले मांडून बसतात आणि नवी मुले त्यांतून वाट काढत हिंडतात. घर सोडून आलेल्याला सोबती तेथे सापडतात. ऑल्टगेल्ड हॉलच्या मनोऱ्यातील घंटा वाजतात. मैदानाच्या स्तंभांवर पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांची नावे कोरलेली आहेत. याच विद्यापीठात १९५२ मध्ये इलियाक संगणक बांधला गेला, १९९३ मध्ये मोझेक हा ब्राउझर तयार झाला, आणि भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे एकमेव शास्त्रज्ञ जॉन बार्डीन यांनी १९५१ नंतरची सारी हयात येथेच घालवली.

पण त्याहून मोठी म्हणावी अशी गोष्ट १९४८ ची आहे. युद्धातून अपंग होऊन परतलेल्या तरुणांना महाविद्यालये दारे उघडत नव्हती. टिमथी न्यूजंट यांनी इलिनॉयच्या गेल्सबर्ग शाखेत त्यांच्यासाठी शिक्षणक्रम सुरू केला; वर्षभरात ती शाखाच बंद झाली, तेव्हा विद्यार्थी चाकांच्या खुर्च्यांवरून राजधानीत आपले म्हणणे मांडायला गेले. अखेर अर्बानाने त्यांना घेतले. उतार असलेले पदपथ आणि खुर्ची चढवता येईल अशा बसगाड्या तेथे फार लवकर आल्या.

भारताशी या विद्यापीठाचा धागा जुना आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला मुलगा रथींद्रनाथ याला १९०६ मध्ये इंग्लंडला कायदा शिकायला नव्हे, अर्बानाला शेती शिकायला धाडले. १९१२ च्या अखेरीस कवी स्वतः तेथे गेले आणि त्या कडक हिवाळ्यात मोजक्या श्रोत्यांपुढे व्याख्याने दिली. नोबेल मिळायला अजून वर्षभर अवकाश होता. स्वातंत्र्यानंतर पंतनगरचे कृषी विद्यापीठ १९६० मध्ये याच नमुन्यावर, इलिनॉयच्या साहाय्याने उभे राहिले, नंतर जबलपूरचे. महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनियाच्या लँड-ग्रँट विद्यापीठाचे सहकार्य लाभले आणि १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले.

पंतनगर आणि जबलपूर येथे इलिनॉयच्या शास्त्रज्ञांसोबत साठीच्या दशकात एका पिवळ्या दाण्याच्या चाचण्या झाल्या. त्यापूर्वी भारतात सोयाबीन मुख्यतः डोंगराळ मुलुखापुरते, तेही बहुतांशी काळे, मर्यादित होते. नवे वाण आधी मध्य प्रदेशात रुजले, मग विदर्भ-मराठवाड्यात उतरले. आता दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडतीत त्याच दाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, ओलाव्यावरून घासाघीस होते आणि वाशिमपासून सोलापूरपर्यंतच्या पेढ्या सकाळी पहिली चौकशी सोयाबीनच्या भावाची करतात.