सारातोव्हचा कैदी

पामीरच्या डोंगरांत जसजसे वर जावे, तसतसा गव्हाच्या शेतात राय (rye) दाटत जातो. पायथ्याशी तो तण असतो. उंचावरच्या थंडीत गहू हात टेकतो आणि तेच तण पीक होऊन बसते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी हे १९१६ मध्ये पाहिले आणि ओळखले, की राय मुद्दाम कुणी निवडलेला नाही. तो गव्हाच्या मागोमाग चालत आला. ही नजर बांधावर उभे राहूनच येते.

पुढे अफगाणिस्तान, अबिसिनिया (आजचा इथिओपिया), जपान, मेक्सिको, अँडीज असे कुठे कुठे ते फिरले, आठवडी बाजारांतून मूठ-मूठ बियाणे जमवले. जिथे पिकाचे वाण सर्वांत जास्त, तिथेच त्याचे माहेर, असे त्यांनी १९२६ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनाने या नियमाला अपवाद दाखवले, पण शोधायचे कुठे हे जगाला त्यांनीच शिकवले. आपले वांगे आणि आंबा यांचे माहेर त्यांनी हिंदुस्थानातच मांडले होते.

हा सारा खटाटोप दुष्काळ हटवण्यासाठी होता. नवा वाण सिद्ध व्हायला वर्षे लागतात, हे ते सांगत राहिले. १९३२-३३ च्या भीषण उपासमारीनंतर स्तालिनच्या राजवटीला मात्र झटपट पीक हवे होते आणि कृषितज्ज्ञ त्रोफिम लायसेंको तेच कबूल करत होता. सुरुवातीला या तरुणाला वाविलोव्ह यांनीच उचलून धरले होते. ही त्यांची चूक होती, आणि ती त्यांना फार महागात पडली.

पुढे त्यांनी लायसेंकोला उघड विरोध केला. ऑगस्ट १९४० मध्ये पश्चिम युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करत असतानाच त्यांना अटक झाली, नंतर शिक्षाही. ते तुरुंगात असताना, तिकडे जर्मनांच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये, त्यांचे बियाणे जपणाऱ्या संस्थेतले सहकारी भुकेने मरत होते, तरी बियाण्याला कुणी हात लावला नाही. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह उपासमारीने गेले. भाताची हजारो पाकिटे शाबूत राहिली. या सहकाऱ्यांनी प्राण स्वतःहून दिले. वाविलोव्ह यांच्या मरणाला मात्र हौतात्म्य म्हणणे म्हणजे मारणाऱ्याला मोकळे सोडणे. सरकारने त्यांना उपाशी ठेवून मारले. २६ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, सारातोव्हच्या तुरुंगात ते गेले.

याच शहरात १९१७ ते १९२१ ते प्राध्यापक होते. १९५५ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. त्यांना पुरले तेही सारातोव्हमध्येच. नेमके कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही.