पाणी न पिणारी शाळा

शाळेतल्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दिवस आणि सप्ताह सुरू होतात. फेब्रुवारीत जंतनाशक दिन, जूनमध्ये योग दिन, मध्येच कधीतरी हात धुण्याचा दिवस. हे उपक्रम वाईट नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरातून झाली आणि त्यातल्या तपासण्यांमुळे कित्येक मुलांचे हृदयविकार आणि दृष्टिदोष वेळेत लक्षात आले. पण एखादी शाळा निरोगी आहे की नाही हे ओळखायचं झालं, तर मी आधी एवढंच विचारेन की तिथल्या मुली आणि तिथल्या बाई दिवसभरात तहान भागेल इतकं पाणी पितात का? पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर नाही असं आहे. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ तशीच घरी येते. आईला वाटतं, पोरगी प्यायला विसरली. ती विसरलेली नसते. पाणी प्यायलं की जावं लागणार आणि जायला धड जागा नाही, हे तिला दुसरी-तिसरीतच उमगलेलं असतं. तिच्या बाईंना तर ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच उमगतं.

या न पिण्याची किंमत शरीर मोजतं. लघवी तासन् तास तुंबवून धरल्याने आणि पाणी कमी पडल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठता जडते, डोकं दुखतं, तिसऱ्या-चौथ्या तासाला लक्ष लागत नाही. मुलगी पेंगते आणि प्रगतिपुस्तकात ‘एकाग्रता कमी’ असा शेरा पडतो. शिक्षिकेचं दुखणं तर कुठे नोंदलंही जात नाही. पाच-सहा तास उभं राहून मोठ्याने बोलणाऱ्या माणसाच्या घशाला पाणी लागतंच. त्यातून ती गरोदर असेल, मधुमेही असेल, पाळीच्या दिवसांत असेल, तर प्रत्येक तास ही परीक्षाच. २०२५ साली राज्यात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. विदर्भातल्या त्या दिवसांतलं ऊन ज्याने सोसलंय, त्याला पाणी टाळून वर्गात बसणं म्हणजे काय हे सांगायला नको.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की शौचालयं तर झालीत. कागदोपत्री खरंच झालीत. शिक्षण हक्क कायदा एप्रिल २०१० मध्ये लागू झाला आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह व पिण्याचं सुरक्षित पाणी ही प्रत्येक शाळेची कायदेशीर गरज ठरली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसे आदेश दिले आणि २०१४ नंतर ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत देशभर लाखो शौचालयं उभी राहिली. प्रश्न त्यानंतरचा आहे. सार्वजनिक कंपन्यांनी या मोहिमेत बांधलेल्या शौचालयांपैकी काही महालेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष जाऊन तपासली. २०२० साली संसदेत मांडलेल्या त्यांच्या अहवालानुसार तपासलेल्यांपैकी ७२ टक्के शौचालयांत आत वाहतं पाणी नव्हतं आणि सुमारे ३० टक्के वापरातच नव्हती. ‘प्रथम’च्या असर पाहणीतही हेच दिसतं. २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाहिलेल्या शाळांपैकी ७२ टक्के शाळांत मुलींचं शौचालय वापरण्याजोगं होतं. २०१८ मध्ये हेच प्रमाण ६६ टक्क्यांच्या आसपास होतं. सुधारणा आहे, ती नाकारू नये. पण सहा वर्षांत सहा टक्के हा वेग आज चौथीत असलेल्या मुलीच्या उपयोगाचा नाही.

बांधकाम एकदाच होतं, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. धुणं रोज करावं लागतं आणि त्याचा फोटो कोणी काढत नाही. माझ्या मते सगळं इथेच अडतं. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत सफाईसाठी माणूसच नाही. खासगी अनुदानित शाळांत जी शिपायाची पदं होती, त्यांच्या जागी डिसेंबर २०२० मध्ये सरकारने ठोक भत्ता आणला. मग संडास धुणार कोण? मुख्याध्यापक दाराला कुलूप लावतात आणि किल्ली टेबलाच्या खणात ठेवतात. घाण होण्यापेक्षा बंद बरं, हा त्यांचा हिशेब, आणि हाताखाली माणूस नसलेल्या मुख्याध्यापकाला दुसरा हिशेब सुचणंही कठीणच. जिथे कुलूप नाही तिथे आतली कडी तुटलेली असते. एक मुलगी आत जाते आणि मैत्रीण बाहेरून दार ओढून धरून उभी राहते. नळ असतो, पण वीजबिल थकल्याने पंप बंद, म्हणून टाकी कोरडी. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ८ सॅनिटरी पॅडचं पाकीट ५ रुपयांत देऊ केलं. योजना मोलाची होती. पण पॅड बदलायला कडी लागणारं दार हवं, हात धुवायला पाणी हवं, वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा हवा. ते नसलं की मुलगी त्या चार दिवसांत घरीच थांबते.

काही जण म्हणतात, मुलांनाच सफाईची सवय लावा, हा गाडगेबाबांचा महाराष्ट्र आहे. सवय लावलीच पाहिजे. वर्ग झाडणं, आवारातला कचरा उचलणं, आपण वापरलेल्या जागेत पाणी ओतणं हे सगळ्यांनी करावं आणि गुरुजींनीही त्यात असावं. गाडगेबाबांनी खराटा आधी स्वतः हातात घेतला होता, दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता. पण संडास धुण्याचं काम मुलांवर टाकलं की ते कोणत्या घरांतल्या मुलांच्या वाट्याला येतं, हे आपला समाज चांगलं ओळखून आहे. तो धोका पत्करण्याचा अधिकार कोणत्याही शाळेला नाही. शिवाय रोज जंतुनाशक घालून धुणं हे मोलाचं काम आहे आणि त्याचं मोल चुकतं केलं पाहिजे.

मग पैशाचा मुद्दा येतो, आणि तो खोटा नाही. समग्र शिक्षा अभियानातून शंभराच्या आतल्या पटाच्या शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान वर्षाला फार तर २५ हजार रुपये, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चावेत असा नियम. म्हणजे अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास. एवढ्यात फिनेल येईल, माणूस येणार नाही. पण गावात पैसा अजिबात नसतो असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित ठेवला तो पाणी आणि स्वच्छता या दोनच कामांसाठी. गावच्या आराखड्यात शाळेची टाकी, पंप आणि रोजची सफाई घालायला ग्रामसभेने आग्रह धरावा लागतो. तो धरला जात नाही, कारण ज्यांची अडचण आहे त्या मुली ग्रामसभेत नसतात आणि शिक्षिकेला हे चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो.

मुलांच्या मनावरचा ताण आज यापेक्षा मोठा प्रश्न आहे, असंही कोणी म्हणेल. ताण खरा आहे, समुपदेशक हवेतच. मात्र तुटक्या कडीच्या दारामागे धास्तावून बसणं हाही ताणच आहे आणि तो रोजचा आहे. तो घालवायला तज्ज्ञ लागत नाही, सुतार लागतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो. त्या महिला सदस्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मासिक सभेला जाल तेव्हा सही करण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहात जा, कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा, आणि जे दिसेल ते त्याच दिवशीच्या इतिवृत्तात लिहायला लावा.