शिकविणाऱ्याच्या जिवाचे मोल

१६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यातील वर्डी गावाच्या शिवारापलीकडे, सातपुड्याच्या रानात, आकाशातून काहीतरी कोसळल्याची वार्ता आली ती प्रथम हेलिकॉप्टर पडल्याची म्हणून पसरली. शिरपूरच्या विमानविद्यालयाचे ते लहानसे प्रशिक्षण विमान होते हे मागाहून उघड झाले. प्रशिक्षक जागीच गतप्राण झाले, विद्यार्थिनी गंभीर जखमी झाली, आणि जेथे मोटार पोहोचत नाही अशा त्या मुलुखातून आदिवासी बंधुभगिनींनी तिला झोळी करून खाली आणले. परक्या लेकीसाठी धावून गेलेल्या या माणसांचे ऋण खानदेशाने विसरता कामा नये.

वार्तेतील ती चूक दुरुस्त झाली. परंतु विमान असो वा हेलिकॉप्टर, शिकवणीच्या उड्डाणातील मूळ संकट एकच आहे, आणि हेलिकॉप्टरमध्ये तर ते अधिकच उग्र रूप धारण करते. आपल्या शेजारी नाशिकच्या गांधीनगर तळावर लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टरची विद्या शिकतात. इंजिन बंद पडले तर काय करावे हे शिकविण्यासाठी प्रशिक्षक मुद्दाम शक्ती काढून घेतो. शिष्याने तत्क्षणी डाव्या हातचा दांडा खाली दाबला, तर खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरत राहतात आणि यंत्र सावकाश उतरविता येते. दांडा दाबण्यास विलंब झाला, तर पात्यांचा वेग असा ढासळतो की मग जगातील कोणाही निष्णाताच्या हाती काही उरत नाही. हलक्या पात्यांच्या लहान यंत्रात ही सवड एखाद्या सेकंदाची. रॉबिन्सन कंपनीच्या ‘आर-२२’ या यंत्रावर जगभर असंख्य लोक शिकले, पण त्याच्या अपघातांमुळे अमेरिकेच्या सरकारला १९९५ साली त्यावरील शिक्षणासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. शिष्याच्या हातून चूक होऊ दिली नाही तर तो शिकत नाही, आणि ती एका निमिषाने अधिक होऊ दिली तर दोघेही वाचत नाहीत. हा निवाडा ज्याला दिवसातून अनेकदा करावा लागतो, त्या माणसाची झोप, त्याची प्रकृती आणि ‘आज उडायचे नाही’ असे सांगण्याची त्याची मुभा, यांवरच सारे अवलंबून असते. वैशाखात तापलेली खानदेशची विरळ हवा आणि आषाढात डोंगरावर उतरणारे ढग या निवाड्यात त्याला आणखी अडचणीत टाकतात.

व्यावसायिक परवान्यासाठी विमानाचे २०० आणि हेलिकॉप्टरचे १५० तास भरावे लागतात. पालकांनी कर्ज काढलेले, पावसाने उड्डाणे तुंबलेली, विद्यार्थी रांगेत खोळंबलेले. अशा वेळी तासांचा हिशेब प्रशिक्षकाच्या नकारावर कुरघोडी करतो, हे आम्हांस सर्वथा अमान्य आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रशिक्षकांच्या कामाच्या तासांचे दप्तर आगाऊ सूचना न देता तपासावे, आणि नकार देणाऱ्यास नोकरीचे अभय द्यावे. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार अपघाताच्या तपासाचा हेतू दोषारोप नसून पुनरावृत्ती टाळणे हा आहे, आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा अशी अपेक्षा आहे. असा प्रत्येक अहवाल संस्थांच्या फडताळात न पडता वर्गात वाचला जावा.

शिरपूर, धुळ्याचे गोंदूर आणि जळगाव या तिन्ही धावपट्ट्यांमुळे हे शिक्षण आता खानदेशच्या अंगणात आले आहे. म्हणून धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी विमानविद्यालयांच्या चालकांना एकत्र बोलवावे, उड्डाणक्षेत्राखालच्या पाड्यांची यादी तहसील कचेरीत ठेवावी, पोलीस पाटलांस व वनरक्षकांस कोणाला कळवावे याचा क्रमांक द्यावा, सांडलेल्या इंधनाजवळ आग नेऊ नये आणि पाठीचा कणा दुखावलेल्यास कसे उचलावे हे गावोगाव दाखवावे, आणि प्रत्येक पाड्यावर एक खरेखुरे स्ट्रेचर पावसाळ्यापूर्वी पोहोचवावे.