पंखांवरचा मळ आणि सकाळचा पंप

उतारवयातील छंद म्हटले की बाग, भजन, पत्ते, फार तर शब्दकोडे, एवढीच यादी आपल्यासमोर येते. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करणारे आजोबा त्या यादीत सहसा नसतात. माझ्या रुग्णांमध्ये असे एक आजोबा आहेत. वय शहात्तर. उमेदीची वर्षे ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ च्या जोडणीत गेली. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात मुलाकडे आले. १९६३ मध्ये चंदीगड येथे हवाई दलात दाखल झालेल्या या विमानाला २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथेच निरोप देण्यात आला, आणि त्याच आठवड्यात आजोबांनी एकास बहात्तर या प्रमाणातील मिग करावयास घेतले. मूळ विमान सुमारे पंधरा मीटर लांब. प्रतिकृती जेमतेम वीतभर.

नवे कोरे विमान रंगविणे हा या कामाचा सोपा भाग. कसोटी लागते ती ते वापरातले भासविण्यात. पत्र्यांच्या सांध्यांत पातळ काळसर रंग सोडून वरचा पुसून घ्यावयाचा. तंत्रज्ञांचे पाय पडतात तेथे, म्हणजे पंखाच्या मुळाशी, स्पंजाच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके द्यावयाचे. शेपटाशी धगीने करपलेल्या धातूच्या छटा आणि पोटाखाली तेलाचे ओघळ, तेही वाऱ्याच्या झोताने मागे ओढले गेलेले. हौशी माणूस येथे हमखास तांबूस गंज दाखवितो. विमानाचे अंग मुख्यत्वे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे; त्यास लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, रंग उडाला की खाली रुपेरी पत्रा दिसतो. हे मला आजोबांनीच समजावून दिले. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास अनेक मिग विमानांचे चकाकते अंग हिरव्या-तपकिरी रंगांनी झाकण्यात आले होते. आजोबांना तेच रूप हवे होते.

एके दिवशी त्यांच्या सूनबाई दवाखान्यात आल्या त्या तक्रार घेऊनच. “डॉक्टर, मामंजींना रात्री धाप लागते. घरभर थिनरचा वास असतो. ते टेबल तुम्हीच बंद करायला सांगा, आमचं ऐकत नाहीत.” आजोबांना लहानपणापासून दमा. त्यासाठी सकाळ-संध्याकाळ नियमित घ्यावयाचा पंप चालू आहे. बोलता बोलता सूनबाईंनी सहज सांगितले, की एरवी महिन्यात संपणारा पंप या खेपेस दीड महिना पुरला. काटकसर म्हणून त्यांना ते बरेच वाटले होते. मला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांना एकट्याला बोलाविले. ते आधी टाळत होते, मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पंप घेतला की हात थरथरतो. कॉकपिटची चौकट रंगवायची तर सकाळचा पंप सोडावा लागतो.” दम्याच्या काही औषधांनी हातास सूक्ष्म कंप येतो हे खरे आहे. पंप घेतल्यानंतरच्या पहिल्या काही वेळात तो अधिक जाणवतो, पुढे ओसरतो. परंतु हात स्थिर राहावा म्हणून पंप सोडावयाचा आणि त्याच खोलीत थिनरची वाफ ओढावयाची, हा सौदा एखाद्या रात्री जिवावर बेतू शकतो.

टेबल मी बंद करविले नाही. पत्नीच्या पश्चात हा मनुष्य कोणत्या ओढीने सकाळी उठतो ते मला ठाऊक आहे. पंप नियमित सुरू झाला, श्वास तपासून मात्रा पुन्हा ठरविली, आणि बारीक रंगकाम दुपारी चारनंतर गेले. पापाची तिकटी येथील कुंभार गल्लीत गणपतीचे डोळे आखणारे कारागीर करंगळी मूर्तीवर टेकवून कुंचला चालवितात. तीच रीत येथेही: दोन्ही कोपरे टेबलावर, मनगटाखाली छोटी उशी, विमान हातात न धरता चिमट्याच्या आधारावर. चहा-कॉफी त्यापूर्वी नको.

कंप मात्र प्रत्येक वेळी औषधाचाच नसतो. काम करताना वाढणारा कंप आणि हात मांडीवर निवांत असताना दिसणारा कंप, यांतील फरक घरच्यांनी टिपून डॉक्टरांना सांगावा. दुसऱ्या प्रकारासोबत अक्षर बारीक होत गेले असेल किंवा चाल मंदावली असेल, तर पार्किन्सनच्या दृष्टीने तपासणी हवी.

रंगांविषयी थोडे. लॅकर व तेलाधिष्ठित इनॅमल रंगांत आणि त्यांच्या थिनरमध्ये उडून जाणारी रसायने असतात; दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांनी पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंगच घ्यावेत. एन-९५ मुखपट्टी धूळ व तुषार अडविते, वाफ अडवीत नाही; त्यास कोळशाची कांडी असलेला मुखवटा लागतो. आपल्या पावसाळ्यात खिडक्या बंद आणि रंग वाळता वाळत नाही. त्या दिवसांत फवारा टाळून कुंचल्यावर भागवावे. घासकाम पॉलिशपेपर ओला करूनच करावे, म्हणजे धूळ उडत नाही.

आणखी एक. आजोबांच्या विमानाचे एक चाक काळे तर दुसरे गडद निळे झाले होते. नातवाने ते दाखविले तेव्हा घरात हशा पिकला. तथापि वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि गडद निळा व काळा यांतील भेद पुसट होतो. डोळे तपासले, मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा चाकाकडेच पाहिले, म्हणे.

घरच्यांनी दोन गोष्टी नक्की पाहाव्यात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटल्यास ओढू नयेत. साबणाच्या कोमट पाण्यात धरून हळूहळू सोडवावीत. पापण्या चिकटल्यास बळजबरीने उघडू नयेत, नेत्रतज्ज्ञांकडे जावे. आणि थिनर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. चुकून कोणी प्यायलेच, तर उलटी करवू नका. मूळ डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.