कार्य कोणाचे?

रूप कार्याला अनुसरते, हा लुई सलिव्हन यांनी १८९६ मध्ये मांडलेला विचार आधुनिक डिझाइनच्या रूपवादी समीक्षेत स्वयंसिद्ध सत्यासारखा वावरत आला आहे. रूपाची चर्चा तेथे उदंड होते. ‘कार्य’ मात्र निसर्गदत्त आणि मूल्यनिरपेक्ष मानले जाते. या गृहीतकाचीच चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

निकोलाउस पेव्हस्नर यांच्या १९३६ मधील प्रसिद्ध ग्रंथाचे उपशीर्षकच विल्यम मॉरिस ते वॉल्टर ग्रोपियस असा प्रवास सांगते. लेखककेंद्री वाङ्मयेतिहासाप्रमाणे येथेही निर्मात्यांची वंशावळ तेवढी सिद्ध होते. साहित्यविचाराने वाचकाला अर्थनिर्मितीत स्थान देऊन अर्धशतक लोटले. वस्तू वापरणारी व्यक्ती मात्र या वंशावळीच्या बाहेरच राहते.

मार्गारेटे श्यूट-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये रचलेले फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर या संदर्भात तपासण्याजोगे आहे. एर्न्स्ट माय यांच्या गृहनिर्माण योजनेतील सुमारे १०,००० घरांत ते बसवले गेले. कारखान्यातील टेलरप्रणीत श्रमव्यवस्थापनाचे तत्त्व घरात आणून गृहिणीच्या हालचाली मोजल्या गेल्या आणि सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब जागेत सारे काम हाताशी आणले गेले. श्रम वाचवण्याची ही प्रेरणा प्रामाणिक होती. परंतु एवढ्या रुंदीत दोन माणसांनी मिळून काम करणे दुष्कर. स्वयंपाक एकटीनेच करावयाचा, हा निर्णय मोजमापापूर्वीच झालेला होता. मोजपट्टीने त्याला शास्त्राची प्रतिष्ठा दिली.

हा दोष समाजाचा, आकृतिबंधाचा नव्हे, असा बचाव रूपवादी करतील. तो टिकत नाही. रूप जर कार्यातूनच निष्पन्न होत असेल, तर कार्याच्या वाटणीतील विषमताही रूपात उतरणारच. उलटपक्षी, १९७० च्या दशकापासून स्त्रीवादी समीक्षेने या रचनेतील एकाकीपणावर नेमके बोट ठेवले असले, तरी तिला निव्वळ कोंडवाडा ठरवणेही एकांगीच होय. घर सांभाळून अर्थार्जन करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने वाचलेला वेळ क्षुल्लक नव्हता. मुक्ती आणि बंधन या दोहोंचा उगम एकाच मोजमापात आहे, आणि हा अंतर्विरोध वापरणारीला वगळून वाचताच येत नाही.

म्हणून रूप कार्याला अनुसरते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ते कार्य कोणी ठरवले, कोणावर सोपवले आणि त्यातून कोणाला मोकळे ठेवले, हे जो इतिहास विचारत नाही, तो वस्तूंची सूचीच काय ती सिद्ध करतो.