विकत घेतलें, पण आपलें झालें काय?

गेल्या डिसेंबरांत आमच्या घरीं वाटणीचा विषय निघाला. भांडण नव्हतें, हें आधींच सांगून ठेवतों. कारण 'वाटणी' हा शब्द उच्चारतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें कोर्टाच्या पायऱ्या उभ्या राहतात. आम्ही तिघेहि भाऊ साठी उलटलेले, मुलें पुण्या-सोलापुराकडे, आणि लोहाऱ्याचें घर वर्षांतून दोनदांच काय तें भरतें. तेव्हां शेत, घर, भांडीं आणि पुस्तकें यांची यादी हातपाय धड आहेत तोंवर करून ठेवावी, असें सर्वांच्या विचारें ठरलें. भांडीं झालीं. दागिने झाले; त्यांस फार वेळ लागला नाहीं. मग पुस्तकांची पाळी आली. धाकट्या भावाचा नातू पुण्यास इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षांत आहे. तो परीक्षा आटोपून आला होता. तो एकेक पुस्तक झटकून नांव वाचून दाखवी आणि मी लिहून घेईं. शेवटच्या फडताळाशीं येतांच तो हंसून म्हणाला, "आजोबा, माझ्याहि लायब्ररींत दोनशें चौदा नग आहेत. पण तुमच्या या यादींत त्यांतला एकहि बसायचा नाहीं."

"कां? कोणी गहाण ठेवून घेतले आहेत काय?"

"तसें नव्हे. ते संगणकावरचे खेळ आहेत. पैसे मीं दिलेत, पण ते माझे नाहींत."

पस्तीस वर्षें मीं मुलांस षष्ठी विभक्ति शिकविली. पैसे देऊनहि षष्ठी लागत नाहीं, असें उदाहरण माझ्या पाहण्यांत नव्हतें. यादी तशीच ठेवून मी त्याच्याशीं बोलत बसलों. त्या बोलण्यांतून आणि पुढें त्यानें वाचावयास दिलेल्या मजकुरांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें. पैसे लावून खेळावयाचे जे खेळ, ज्यांवर केंद्र सरकारनें २०२५ सालीं बंदीचा कायदा केला, त्यांच्याशीं याची गल्लत मात्र करूं नये. हे खेळ पुस्तकासारखे एकदां विकत घ्यावयाचे आणि घरीं बसून खेळावयाचे.

ते जेथून घेतात त्या दुकानाचें नांव 'स्टीम'. व्हॉल्व्ह नांवाच्या अमेरिकन कंपनीनें तें १२ सप्टेंबर २००३ रोजीं उघडलें. प्रारंभीं त्याचें काम आपल्याच खेळांतील सुधारणा ग्राहकांच्या घरीं पोंचविण्याचें होतें. पुढल्या वर्षीं नोव्हेंबरांत त्या कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा खेळ निघाला. लोकांनीं बाजारांतून तबकडी विकत आणली, तरी इंटरनेटवरून स्टीमशीं जोडून घेतल्यावांचून खेळ उघडेना. आपल्या पैशानें आणलेल्या पेटीची किल्ली दुकानदाराच्या कनवटीस, म्हणून लोक खवळले. पुढें तेच लोक तेथें रमले. मार्च २०२५ मध्यें एकाच वेळीं चार कोटींहून अधिक माणसें त्या दुकानांत हजर होतीं. दुकान तें, कोठार तें, आणि दाराशीं वही घेऊन बसलेला कारकूनहि तोच.

आतां हा मुलगा त्या दुकानावर रुष्ट आहे असें कोणी समजूं नये. त्याच्याविषयीं बोलतांना त्याचा चेहरा असा खुलतो कीं जणूं आजोळाची गोष्ट निघाली आहे. २०१५ सालीं तेथें किंमती रुपयांत दिसूं लागल्या. त्याच वर्षीं अशी सोय झाली कीं विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आंत, आणि दोन तासांहून कमी खेळून, नापसंत खेळ परत करतां यावा. आमच्या बाजारपेठेंतील कोणता कापडदुकानदार दोन तास अंगावर घातलेला सदरा परत घेतो? दोन वर्षांपूर्वीं वळवाच्या पावसांत वीज पडून याचा संगणक जळला. नवा आल्यावर त्यानें आपलें नांव आणि परवलीचा शब्द टाकला. दोन रात्रींत खेळ परत आले, आणि अर्धवट सोडलेले बहुतेक डावहि जेथें सोडले होते तेथूनच पुढें सुरू झाले.

आणखी एक गोष्ट. याच्या बापाच्या वेळीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या चोरट्या तबकड्यांवर सारा कारभार चाले. आमच्याहि घरीं तशा चार होत्या. शिक्षकाच्या घरीं होत्या, हें लाज वाटूनच लिहीत आहें. व्हॉल्व्हचे संस्थापक गेब न्यूएल यांनीं २०११ सालीं असें मत मांडलें होतें कीं या चोरीचें मूळ बहुधा किंमतींत नसून गैरसोयींत असतें. नातवाकडे पाहून तें मला पटतें. चोरी त्यानें माझ्या उपदेशानें सोडली नाहीं. दुकान सोयीचें निघालें म्हणून सोडली.

त्यानें मला 'राजी' नांवाचा खेळ दाखविला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीनें तो रचला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास शोधणारी एक मुलगी, आणि तिच्यावर लक्ष ठेवून परस्परांत बोलणारे दुर्गा व विष्णु. देवळांचीं शिखरें, भिंतीवरचीं चित्रें, सारें आपल्याकडचें. मी चष्मा पुसून अर्धा तास पाहत राहिलों. या मंडळीनें २०१७ सालीं लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरी जमली नाहीं. खेळ शेवटीं २०२० सालीं बाहेर आला, ऑगस्टमध्यें एका जपानी यंत्रावर आणि ऑक्टोबरांत स्टीम व इतर ठिकाणीं. पुण्यांतल्या एखाद्या लहानशा मंडळीनें युरोपांत पेढ्या कोठून काढाव्या? तें काम अशा दुकानानें केलें, हें मान्य केलेंच पाहिजे.

पण दुकान तें फुकट करीत नाहीं. शंभर रुपयांच्या विक्रींत तीस दुकानाचे, सत्तर कर्त्याचे. २०१८ सालीं त्यांत सूट आली, पण ती कोणास? ज्यांची विक्री एक कोट डॉलरांच्या वर गेली त्यांस वरच्या रकमेवर पंचवीस टक्के, आणि पांच कोटींच्या वर गेल्यास वीस. म्हणजे ज्याचें पोट भरलेलें त्याच्या ताटांत तूप अधिक. लहानाचे तीस ते तीसच. आमचा शेतकरी तूर घेऊन लातूरला जातो, अडत्यास मनसोक्त शिव्या देतो, आणि पेरणीच्या वेळीं उचल मागावयास त्याच्याच पेढीवर जाऊन बसतो. खेळ रचणारांचा आणि स्टीमचा संबंध मला याहून वेगळा दिसला नाहीं.

मग दुसरें दुकान कोणी काढीत नाहीं काय? काढलें आहे. एपिक नांवाच्या कंपनीनें डिसेंबर २०१८ मध्यें दुकान थाटून बारा टक्क्यांवर काम करण्याचें जाहीर केलें. खेळाडूंनीं तोरणें बांधावयास हवीं होतीं. परंतु त्या कंपनीनें कांहीं खेळ वर्षभर आपल्याच दुकानीं मिळतील असे करार केले. २०१९ च्या आरंभीं 'मेट्रो एक्सोडस' हा खेळ असाच ऐन वेळीं स्टीमवरून उठून तिकडे गेला, आणि एकाच दुकानाच्या सत्तेविरुद्ध बोलणारेच खेळाडू दुसरें दुकान निघालें म्हणून संतापले! नवें दुकान वेळोवेळीं खेळ फुकटहि वांटतें. आमच्या चिरंजिवांनीं ते इमानेंइतबारें गोळा केले आहेत आणि बहुतेक उघडूनहि पाहिले नाहींत. मीं त्यास रागें भरणार होतों, इतक्यांत माझ्याच फडताळांतील न उघडलेल्या पुस्तकांवर नजर गेली आणि मी गप्प बसलों.

मालकीचा प्रश्न मात्र मला झोंप येऊं देईना. लोहाऱ्याहून निघून उमरगा ओलांडलें कीं पूर्वेस कर्नाटकांत बसवकल्याण लागतें. तेंच चालुक्यांचें कल्याण. तेथें सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दींत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' लिहिली. तिची जुनी प्रत यादीसाठीं बाहेर काढलेलीच होती. वाटणीचे नियम सांगण्यापूर्वीं विज्ञानेश्वर मुळाशींच हात घालतो: स्वत्व शास्त्रानें कळतें कीं लोकव्यवहारानें? त्याचा निर्णय असा कीं स्वत्व लौकिक आहे. ज्यांस शास्त्राची ओळखहि नाहीं अशा सीमेवरच्या लोकांतसुद्धां खरेदी-विक्री चालते, आणि विकत घेणारा तो मालक हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. मालकी येण्याचे जे मार्ग गौतमानें सांगितले त्यांत पहिला वारसा आणि दुसरा खरेदी. ज्याचा यथेष्ट विनियोग करतां येतो तें 'स्व', असेंहि लक्षण आमच्या पंडितांत रूढ आहे.

हें लक्षण नातवाच्या खेळास लावून पाहिलें. खेळतां येतो. खेळून झाल्यावर विकतां येत नाहीं. मित्रास देऊन टाकतां येत नाहीं. घरांतल्या माणसांनीं मिळून वापरण्याची सोय २०२४ सालीं झाली आहे, पण ती सहा जणांपुरती. एकत्र कुटुंब सहांचें असतें असा त्या कंपनीचा समज दिसतो, आमच्या पंगतीस सणावारीं अठरा पानें असतात. आणि मृत्यूनंतर? मे २०२४ मध्यें एका ग्राहकानें हेंच विचारलें, तेव्हां खातें मृत्युपत्रानें दुसऱ्यास देतां येत नाहीं असें कंपनीच्या मदतविभागानें कळविलें, आणि त्या उत्तराचा जगभर बोभाटा झाला. मिताक्षरेप्रमाणें वडिलोपार्जित मालमत्तेंत मुलाचा जन्मतःच हक्क. बंगालच्या जीमूतवाहनाच्या मतें बाप गेल्यावर. येथें दोन्ही मतें लंगडीं पडतात. बाप गेला कीं मालमत्ताच गेली.

याचें कारण असें कीं ग्राहक घेतो तो वापरण्याचा परवाना. ही गोष्ट करारांत प्रथमपासून होती. पण 'विकत घ्या' असें लिहिलेल्या खुणेवर बोट ठेवणारा माणूस करार वाचीत नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें सप्टेंबर २०२४ मध्यें कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला: परवाना विकणाऱ्यानें तसें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्यापूर्वींच, ऑक्टोबर २०२४ पासून, पैसे देण्याच्या जागीं स्टीम तशी सूचना दाखवूं लागलें. कायद्यानें लेबल बदललें, बाटलींतलें औषध तेंच राहिलें. 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ त्याच्या फ्रेंच कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं बंद केला, तेव्हां पूर्ण किंमत मोजलेल्यांच्याहि हातीं कांहीं उरलें नाहीं. त्यांतून उठलेल्या चळवळीच्या अर्जावर युरोपांत जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

हें सारें परदेशचें म्हणावें, तर आमच्या बसस्थानकाजवळच्या कट्ट्यावरचीं मुलें काय सांगतात तें ऐकावें. त्यांच्याजवळ संगणक नाहीं. त्यांचें दुकान म्हणजे मोबाइलमधलें गूगलचें प्ले स्टोअर. २ सप्टेंबर २०२० रोजीं सरकारनें पबजीवर बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर तो खेळ थांबला. कित्येकांनीं त्यांत पैसे देऊन पोशाख आणि शस्त्रें जमविलीं होतीं. जुलै २०२१ मध्यें तोच खेळ बीजीएमआय या नांवानें आला, जुनें सामान नव्या घरांत नेण्याची मुभाहि मिळाली. २८ जुलै २०२२ रोजीं तोहि सरकारी आदेशानें दुकानांतून काढला गेला, आणि मे २०२३ च्या अखेरीस परतला. सरकारचें करणें योग्य कीं अयोग्य, हा वेगळा प्रश्न. पण दार एकच असलें म्हणजे तें लावावयास एकच हात पुरतो, हें त्या मुलांस माझ्याआधीं कळलें आहे.

मीं हें सारें नातवापुढें मांडलें, तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, तुमचीं पुस्तकें तुमचीं, कबूल. पण सास्तूरला काय झालें?"

सास्तूर हें माझें आजोळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति बोळवून लोक निजलेले असतांना, धरणीकंपानें तें गांव भुईसपाट झालें. माझ्या मामाकडे दोन कपाटें भरून पोथ्या होत्या. चौथ्या दिवशीं, पावसांत, मीं आणि मामेभावानें दगडमातींतून एक लांकडी पेटी ओढून काढली. तिच्यांत ही मिताक्षरेची प्रत आणि कोपरा फाटलेला एक अमरकोश होता. बाकीचें सारें मातींत गेलें. मामाहि गेला. तो मुलगा तेव्हां जन्मलाहि नव्हता, पण घरांत ऐकलेलें त्यास ठाऊक आहे.

"माझें असलें कांहीं गाडलें जायचें नाहीं," तो हळूच म्हणाला.

मला उत्तर सुचलें नाहीं. थोड्या वेळानें मीं इतकेंच विचारलें, कीं तुझ्या दोनशें चौदांत हातांत धरतां येईल असें कांहींच नाहीं काय?

होते. नऊ. पोलंडमधील जीओजी नांवाचें दुकान २००८ पासून कुलूप न लावलेले खेळ विकतें. कायद्याच्या भाषेंत तोहि परवानाच. पण खेळाची प्रत आपल्या घरीं उतरवून ठेवतां येते आणि ती उघडण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. त्यानें ते नऊ खेळ एका लहानशा डिस्कवर उतरविले, डिस्क सुपारीच्या रिकाम्या डबींत घातली, आणि ती सास्तूरच्या त्याच पेटींत ठेवली. मीं मिताक्षरेच्या खालीं ओळ लिहिली: 'खेळ, नग ९, डबींत.'

त्या रात्रीं पाणी प्यावयास उठलों तों माजघरांत उजेड. साडेअकरा वाजले होते. अमेरिकेंत तेव्हां सकाळचे दहा, आणि स्टीमचा हिंवाळी सवलतीचा बाजार नुकताच उघडला होता. चिरंजीव पांघरूण गुंडाळून बसले होते.

"आजोबा, तुमच्यासाठीं बुद्धिबळाचा एक घेऊं? स्वस्त झालाय."

"नवांतला कीं दोनशें पांचांतला?"

"दोनशें सहावा," तो म्हणाला.

"घे," मीं म्हटलें, आणि चष्मा आणावयास गेलों.