कालाचा सदुपयोग आणि ख्रिस्ती साक्ष

वेळ अमूल्य आहे, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरांत लिहिणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. तीच वही संध्याकाळी उघडणारे थोडे. ह्यास्तव त्या विषयावरील सामान्य उपदेश आम्ही येथे टाळतो. आमचा प्रश्न त्याहून लहान, पण अधिक निकडीचा आहे. आपला विश्वास इतरांस कळावा असे ज्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला मनापासून वाटते, त्याने त्यासाठी वेळ कोठून काढावा व तो कसा खर्चावा?

वालचंदनगरच्या मुलांना वेळेची किंमत ग्रंथांतून शिकावी लागत नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्याच्या ह्या भागात साखर कारखाना व त्याभोवती वसाहत उभी केली, तेव्हापासून येथील संसार कामाच्या पाळ्यांच्या हिशेबाने चालत आला आहे. भोवतालच्या शेतांकडे पाहा. ऊस उभा आहे तोवर त्याला धीर आहे. परंतु एकदा कोयता पडला की तो लवकर गाळला पाहिजे, नाही तर वजन घटते व आतील साखर उतरते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आवर्तनाने येते. आपली पाळी मध्यरात्री आली तर शेतकरी मध्यरात्रीच बांधावर जातो. संधी आपल्या सोयीने येत नाही, तिच्या सोयीने आपण जावे लागते, हा धडा येथे लहान मूलही जाणते.

पौल प्रेषिताने हाच विचार बाजारातील एका शब्दाने सांगितला आहे. इफिसकरांस पत्राच्या ५व्या व कलस्सैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात तो वेळेविषयी लिहितो, तेथील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ विकत घेणे असा आहे. जी वस्तू विकत घ्यावयाची, तिच्यासाठी गाठीचे काही तरी सोडावे लागते. लक्षात घेण्याजोगे हे की, कलस्सैकरांस ही गोष्ट तो मंडळीबाहेरील लोकांशी कसे वागावे हे सांगताना लिहितो, आणि लगेच पुढे बोलणे कृपायुक्त व मिठाने रुचकर असावे अशी सूचना करतो. लिहिणारा स्वतः त्या वेळी बंदिवासात होता. ज्याला हिंडण्याफिरण्याची मोकळीक नव्हती त्याने वेळ विकत घेण्याची गोष्ट सांगावी, आणि ज्यांना सर्व मोकळीक आहे त्यांनी वेळ नाही म्हणावे, हे आश्चर्य नव्हे काय?

वेळ नेमका कसा द्यावा, ह्याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी टिळकांस आदराने जागा दिली आणि संभाषण सुरू केले ते संस्कृत काव्यावर. टिळक कवी होते. त्यांचे मन ज्यात रमत असे त्यातच त्या गृहस्थांनी प्रथम मन घातले. मग हळूहळू गोष्ट धर्माकडे वळली, आणि निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांस ते तेव्हा पटले नाही. पण पुस्तक त्यांनी उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे २४ वर्षे, १९१९मध्ये देह ठेवीपर्यंत, ह्या मनुष्याने भजने, कीर्तने व कविता यांच्या द्वारे ख्रिस्ताचे नाव अस्सल मराठी वेषात लोकांपुढे उभे केले.

त्या प्रवाशाने काय केले ते मोजून पाहा. त्याने सभा भरविली नाही, वाद जिंकला नाही. प्रवासातील काही घटका, ज्या आपण झोपेत किंवा खिडकीबाहेर पाहण्यात घालवतो, त्या त्याने एका अनोळखी मनुष्यास दिल्या. त्यांतील पहिला भाग त्याने दुसऱ्याच्या आवडीस दिला, स्वतःच्या मतास नव्हे. आमच्या मते साक्षीचे मर्म येथेच आहे. आपला विश्वास दुसऱ्यास देण्यापूर्वी आपला वेळ त्यास द्यावा लागतो. ज्याचे आपण कधी ऐकले नाही, त्याला आपले ऐकविण्याचा अधिकार आपणांस नसतो.

ह्याच घराण्याच्या कथेतून दुसरी एक गोष्ट शिकावयाची आहे. टिळकांच्या धर्मांतराने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस विलक्षण दुःख झाले व काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःचे मन स्वतः पारखून. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते पूर्ण करण्याचे काम पुढे ह्याच बाईंनी केले. पतीला दोन वर्षे लागली, पत्नीला सात. पेरण्याची घटका आपल्या हाती असते. उगवण्याची घटका देवाच्या व ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाच्या स्वाधीन असते. जो उतावळेपणाने कोंब उकरून पाहतो, तो पीक गमावतो.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाई यांनी दीर्घ श्रमाची साक्ष दिली. मुक्ति सदनातील शेकडो स्त्रिया व मुली यांच्या अन्नवस्त्राची व शिक्षणाची चिंता वाहत असता त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. १९२१मध्ये त्यांची कन्या मनोरमा निवर्तली. तरी लेखणी थांबली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले, तोवर अनुवादाचे काम पूर्ण झाले होते. मोकळा वेळ मिळेल तेव्हा करू, असे त्या म्हणत्या तर ते पुस्तक कधीच झाले नसते.

येथे काही पालक म्हणतील, मुलांचे काम अभ्यास करण्याचे. धर्माची साक्ष मोठेपणी द्यावी. ह्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रार्थनासभेस जाऊन पाठ टाळणारा विद्यार्थी वेळ विकत घेत नाही, चोरतो. पाळीवरून थकून आलेल्या वडिलांस पाण्याचा तांब्याही न देता जो शेजाऱ्यांस प्रीतीचा उपदेश करतो, त्याची साक्ष उंबऱ्यातच अडखळते. पण अभ्यास आणि साक्ष ही दोन निराळी कामे आहेत असे मानणे हीही चूकच. नक्कल न करता लिहिलेला पेपर, शब्दाप्रमाणे वेळेवर परत केलेले पुस्तक, मागे पडलेल्या सोबत्यास गणित समजावून देण्यात घालविलेली मधली सुट्टी, ह्या गोष्टी न बोलता बोलतात. मग कोणी विचारले, तू असा का वागतोस, तर लाजू नये, लपवू नये. सरळ चार शब्दांत ख्रिस्ताचे नाव सांगावे.

आणि कोणी विचारले नाही तर? तर सेवा चालू ठेवावी. आपल्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले एका बाकावर बसतात. त्यांचे सण, त्यांच्या घरची भक्ती यांविषयी आदराने विचारावे व मनापासून ऐकावे. २६ जानेवारी १९५०पासून अमलात असलेल्या आपल्या संविधानाच्या २५व्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांस सारखे दिले आहे, आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्यही त्याच वाक्यात आहे. २८वे कलम सांगते की, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणासही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणास वा उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही. ह्या मर्यादा ख्रिस्ती मनुष्याने कुरकुरत पाळू नयेत. त्या त्याच्या प्रभूच्याच रीतीस धरून आहेत. तो दार ठोठावतो, मोडत नाही. लोभ दाखवून किंवा भीड घालून मिळविलेला होकार साक्ष नव्हे, सौदा होय.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, फार मोठा संकल्प करू नका. दिवसातील अर्धी घटका निवडा, आणि ती उरलेली नव्हे, चांगली निवडा. तिच्यातील थोडा भाग शास्त्रवाचनास व प्रार्थनेस द्या, कारण आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? बाकीचा भाग एखाद्या एकट्या पडलेल्या सोबत्यास, आजारी शेजाऱ्यास, अक्षरओळख नसलेल्या आजीच्या पत्रास द्या. पालकांसही आमची विनंती आहे की, मुलांनी वेळ कसा घालवावा हे त्यांस सांगण्यापूर्वी आपला वेळ कसा जातो हे त्यांस दिसू द्यावे. तोडलेला ऊस उद्याची वाट पाहत नाही, आणि आज आपल्या बाकावर बसलेला सोबती पुढील वर्षी कोणत्या गावी असेल हे कोण सांगू शकतो?